बहिणीकडून आलेली डाळ

१२ जानेवारी

धाकटे,

वर आशीर्वाद लिहावेत की नुसतं नाव, हे ठरेना. शेवटी जे तोंडात होतं तेच लिहिलं. अकरा वर्षांनी पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलं-बिलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे. मीही आहे तसा आहे, गुडघे सोडले तर.

सोबत छापील कागद आहे, तो आधी वाच. काम त्याचंच आहे. आपल्या शाळेच्या हेडबाई अजून आहेत आणि अजून हेडबाईच आहेत. त्यांनी आम्हा सगळ्यांना फर्मान काढलं की गाव सोडून गेलेल्या दहा-दहा माणसांना पत्रं घाला. मी नऊ लिहिली. दहावं तुला.

कागद त्यांनी लिहिलाय, त्यामुळे त्यात शुद्धलेखन जास्त आणि माहिती कमी. म्हणून थोडक्यात सांगतो. काचेचा कारखाना गेल्या वर्षी बंद झाला. भट्टी एकदा गार झाली की आतली काच दगड होऊन बसते, ती फोडूनच काढावी लागते. त्यामुळे ही भट्टी पुन्हा पेटायची नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यात दोन वर्षं पिकं गेली, सगळ्याच मुलखातली. आता दुकानात माल असतो तेव्हा लोकांच्या हातात पैसे नसतात, आणि एखाद्याच्या हातात असलेच तर दुकानात माल नसतो.

म्हणून कारखान्याच्या कँटीनमध्ये अन्नपेढी काढली आहे. पाटीवर तसं लिहिलंय, पण सगळे अजून कँटीनच म्हणतात. ज्याच्याकडे आहे त्याने आणून द्यायचं, ज्याच्याकडे नाही त्याने घेऊन जायचं. आठवड्यातून दोनदा घरटी एक पिशवी. पीठ, तांदूळ, डाळ, बटाटे, असलं तर तेल. सुरुवातीला देणारे जास्त होते. आपला न्हावी ऑक्टोबरात तेलाचा डबा ठेवून गेला होता. डिसेंबरात तोच मागच्या दाराने पीठ न्यायला आला. मी दिलं. तो भिंतीकडे बघत होता, मी वजनकाट्याकडे.

कोठी माझ्याकडे आहे. तीस वर्षं बाटल्या मोजल्या, आता बटाटे मोजतो. बटाटा फुटत नाही, एवढाच फायदा.

तुझं तिकडे चांगलं चाललंय असं ऐकतो. तिसऱ्या मजल्यावर जागा आहे, ऑफिसात नोकरी आहे, मुलगी हुशार आहे. जमेल ते पाठव. माझ्यासाठी म्हणत नाही.

तू गेलीस त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

दादा


१७ फेब्रुवारी

धाकटे,

डाळ मिळाली.

तू दोन ओळी लिहिल्या नाहीस, ते मी समजू शकतो. पण दहा पोती! ट्रकवाल्याने पावती पुढे केली. पाठवणाऱ्याच्या जागी नाव नाही, पत्ता नाही, नुसतं ‘बहिणीकडून’. मी ती पावती दोनदा वाचली आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. ट्रकवाला म्हणाला, मालक, सही करा, मला पुढे जायचंय. पेनाने कागद फाटला.

वहिनीला पावती दाखवली. ती पोत्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, तूरडाळ आहे, चांगली आहे, खडे नाहीत.

त्या आठवड्यात आमच्याकडे डाळ संपलेलीच होती. दोन वाटपं नुसत्या बटाट्यांवर झाली होती. लोक तक्रार करत नाहीत, हेच जड जातं. पूर्वी कँटीनमध्ये भाजीत मीठ कमी पडलं तरी थाळ्या आपटायचे. हीच माणसं. आता अर्धी पिशवी मिळाली तरी मान हलवतात आणि निघतात.

मी कुणाला सांगितलं नाही की डाळ कुठून आली. खोटं कशाला बोलू? हेडबाईंना सांगितलं. ट्रकवाल्याला सांगितलं. आणि रांगेतल्या चार-पाच जणांना. माझ्या धाकट्या बहिणीने पाठवली, ती शहरात असते, असं म्हणालो. म्हणताना छाती फुगली होती, त्याचं मलाच नंतर कसंतरी वाटलं.

तुझे उपकार आहेत.

दादा


२० मार्च

धाकटे,

डाळ पुन्हा आली. आठ पोती. तुला कसं जमतं कोण जाणे.

मी दमलोय. हे दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाही, कारण इथे सगळेच दमलेत आणि माझ्याहून जास्त. सकाळी सातला कोठी उघडतो. तोवर रांग कुंपणाला वळसा घालून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत गेलेली असते. सहाशे दहा घरं आहेत यादीवर. एक म्हातारी दर वेळी पिशवी नेते आणि दर वेळी वाटीभर साखर परत आणून देते. मला गोड चालत नाही म्हणते. ती साखर आम्ही वेगळी ठेवतो आणि बाळंतिणींना देतो. अशा लोकांवर चाललंय सगळं. बाकी कुणाकडून यायचं ते येत नाही. माझ्या नऊ पत्रांपैकी दोनांची उत्तरं आली, दोन्हींत फक्त आशीर्वाद.

परवा एक गोष्ट झाली. ती लिहिणार नव्हतो.

नदीच्या पुलापलीकडची एक बाई आली होती, बरोबर लहान मुलगी. आमचा नियम आहे की पुलाच्या अलीकडच्या घरांनाच द्यायचं. पलीकडे त्यांची वेगळी पेढी होती. ती आठ दिवसांपूर्वी बंद पडली, हे मला ठाऊक होतं. बाईने तेच सांगितलं. मी म्हणालो, नियम आहे. मागे सहाशे घरं उभी होती गं. एकीला दिलं असतं तर दुपारपर्यंत पलीकडची अख्खी वस्ती पूल ओलांडून आली असती. तिने वाद घातला नाही. ‘बरं’ म्हणाली, रिकाम्या पिशवीची चौपदरी घडी केली आणि मुलीचा हात धरून गेली.

तुझी वहिनी शेजारीच तांदूळ मापत होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मीच म्हणालो की नियम काही मी केलेला नाही. तर म्हणाली, ‘नियम तुमचा नसेल. तोंड तुमचं होतं.’

मग मी दोन पिशव्या घेऊन पुलापलीकडे गेलो. घरोघर विचारलं. पण काय विचारणार? नाव घेतलं नव्हतं, पत्ता घेतला नव्हता. लहान मुलगी असलेली बाई म्हटलं तर प्रत्येक दारात तशीच बाई उभी. दोन पिशव्या दोन दारांत देऊन परत आलो. तिसऱ्या दारातली बाई बघत राहिली.

त्या दिवशी तूही ‘बरं’ म्हणाली होतीस. जास्त काही नाही. मला वाटलं होतं तू भांडशील.

पण बाबाच नको म्हणाले होते. मी फक्त निरोप सांगितला. हे तुला ठाऊक आहे.

दादा


११ एप्रिल

धाकटे,

तिसऱ्यांदा डाळ आली. आता मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुझं खाऊन तुझ्याशी खोटं बोलणं आता गळ्याखाली उतरत नाही.

बाबा नको म्हणाले नव्हते. बाबांना मी विचारलंच नाही.

तू मुलीला घेऊन दारात आलीस तेव्हा ते आतल्या खोलीत झोपले होते. तू म्हणालीस, दादा, मागची खोली दोन महिने दे, हिचा बाप निघून गेलाय, मी काम बघते आणि जाते. मी म्हणालो, थांब, बाबांना विचारतो. आत गेलो. त्यांच्या खाटेशी उभा राहिलो. त्यांच्या घशातून घरघर येत होती, झोप चांगली लागली होती. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. मग बाहेर आलो आणि म्हणालो, बाबांना नाही चालायचं, त्यांची तब्येत बरी नाही, लोक काय म्हणतील.

तू म्हणालीस, बरं.

का केलं ते सांगतो. मोठं काही कारण असतं तर बरं वाटलं असतं. त्या महिन्यात कारखान्यात कपातीची यादी लागणार होती आणि माझं नाव त्यात असेल असं मला वाटत होतं. घाबरलो होतो. तू दोन महिने म्हणालीस, पण मी मनात दहा वर्षं धरली. यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. मी तेव्हा तुला बोलवायला हवं होतं. पण मग बाबांचं खोटं उघडं पडलं असतं. एकदा वाकडी शिवण घातली की पुढची तिच्या मागेच जाते, हे तूच म्हणायचीस.

तुझी वहिनी माहेरी होती. आल्यावर तिलाही मी तेच सांगितलं. तिला काल खरं सांगितलं. ती म्हणाली, मला अकरा वर्षं ठाऊक आहे. बाबांनीच तिला विचारलं होतं की पोर का येत नाही.

ते मलाही विचारायचे. संध्याकाळी खाट दाराशी ओढायला लावायचे. मी म्हणायचो, तिचा मान मोठा आहे, रागावून बसलीये. जाण्याच्या आदल्या आठवड्यात म्हणाले, तूच जा, तू मोठा आहेस, मोठ्याने जायचं असतं. मी हो म्हणालो.

हे वाचून तू डाळ पाठवणं बंद केलंस तरी चालेल. चालेल कसलं, लोकांचे हाल होतील. पण तो तुझा हक्क आहे.

दादा


३ मे

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तू मोजून लिहिलंस, पण मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

‘दादा, तुझी चारही पत्रं मिळाली. डाळ मी पाठवलेली नाही. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी इथल्या अशाच एका पेढीवरून पिशवी घेऊन आले होते. ऑफिसात नोकरी म्हणतोस, ते ऑफिस मी झाडत होते. नोव्हेंबरपासून तेही सुटलं. मुलगी शिकते आणि दुपारी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, त्यावर भाडं जातं. बाबा दाराकडे बघत बसायचे, हे तेव्हा कळवलं असतंस तर मी आले असते. एवढंच.’

पत्र कोठीतच फोडलं होतं. बाहेर रांग होती. चार वाजेपर्यंत पिशव्या देत राहिलो. कुणाला काय दिलं ते आठवत नाही. वहिनीने मधेच माझ्या हातातून माप काढून घेतलं, कारण मी एकाच पिशवीत दुसऱ्यांदा तांदूळ ओतत होतो.

चार महिने मी तुझ्याकडे मागत होतो. मी, कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून. तू पिशवी खाली ठेवून माझं पत्र फोडलं असशील आणि त्यात लिहिलेलं, तुझं चांगलं चाललंय असं ऐकतो. ऐकलं होतं खरं, पण चौकशी केली नव्हती. तुझं चांगलं चाललंय म्हटलं की माझी झोप चांगली व्हायची, म्हणून पुढे विचारलं नाही.

आता डाळीचं सांगतो, कारण तुलाही वाटत असेल की मग कोण.

परवा ट्रकवाला आला तेव्हा त्याला धरून बसवलं. म्हटलं, माल भरतो कुठे ते सांग. त्याने सांगितलं. शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बायका आहेत, चाळीस-एकेचाळीस. दर आठवड्याला प्रत्येक जण आपल्या घरच्या डाळीतून काही वाट्या बाजूला काढते. दवाखान्याच्या धोबीखान्यात एक पिंप ठेवलंय, त्यात टाकतात. महिन्याला पिंप किती वेळा भरतं ते बघून आणखी कुणाकुणाकडून मागून आणतात आणि पोती शिवतात. त्यातल्या एकीचा नवरा आपल्या भट्टीवर होता. तिने सगळ्यांना सांगितलं की तिकडे उपासमार आहे. त्यांची स्वतःची तरी चूल कुठे धड पेटते आहे? नाव टाकायचं नाही असं ठरलं होतं. त्यांनी पावतीवर ‘बहिणींकडून’ लिहा म्हणून सांगितलं. ट्रकच्या कचेरीतल्या कारकुनाने टिंब दिलं नाही.

एका टिंबाची गोष्ट. हेडबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, ‘याच्यासाठीच मी तुम्हाला बाकावर उभं करत होते.’ मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

एकेचाळीस बायकांचे आभार मी एकीला मानत बसलो होतो, आणि तिच्याच घरात डाळ नव्हती. आता त्यांना पत्र लिहायला घेतलंय. काय लिहावं कळत नाही.

तुला काही पाठवावं म्हणून हेडबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की यादीबाहेर एक दाणाही जाणार नाही, बहिणीला नाही आणि आईला नाही. बरोबरच आहे. मी म्हणालो, मग माझ्या वाट्याची पिशवी पाठवतो. काम करणाऱ्यांनाही एक पिशवी मिळते, पण मी ती कधी घेतली नव्हती. पेन्शन येवो न येवो, आपल्याला पिशवीची गरज नाही, असं मी चारचौघांत सांगत आलोय. यावर हेडबाई वहिनीकडे बघायला लागल्या. वहिनी म्हणाली, ‘ती आपण जानेवारीपासून खातोय. पेन्शन कधीच थांबली. तुम्ही ताटात काय आहे ते बघता, कुठून आलं ते बघत नाही.’

तेव्हा माझ्याकडे तुला पाठवायला काही नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. जास्तीत जास्त आठवडाभर राहीन. हाकलून दिलंस तर लगेच परत फिरेन, स्टेशनवर बाकं असतात. मोठ्याने जायचं असतं असं बाबा म्हणाले होते, त्याला नऊ वर्षं झाली.

दादा


१९ मे

धाकटे,

सुखरूप पोचलो. वहिनीने दारातच विचारलं, काय झालं. मी म्हणालो, आधी पाय धुऊ दे. पाय धुऊन झाल्यावरही सांगता आलं नाही. तुझ्याकडे होतो तेव्हा तुलाही काही सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. यातलं सगळं तुझ्यासमोरच घडलंय, तरी वाच.

तू दार उघडलंस आणि माझ्याकडे न बघता मागे वळून म्हणालीस, ‘मामा आलाय, चटई दे.’ एवढंच. भाची चटई घेऊन आली. पाच वर्षांची होती तेव्हा पाहिलेली, आता माझ्या खांद्याला लागते. तिला मला काय म्हणावं ते कळेना आणि मला तिच्याशी काय बोलावं. शेवटी ती म्हणाली, तुम्हाला भागाकार येतो का, माझी चार मुलं यायची वेळ झालीये आणि मला सर्दी झालीये. मी चार दिवस त्या चार पोरांना भागाकार शिकवला. त्या घरात मी तेवढाच उपयोगी पडलो.

आपण बोललो नाही. एकदाच विषय निघाला, तू कपडे वाळत घालत होतीस तेव्हा. मी म्हणालो, मी चुकलो. तू म्हणालीस, हो. आणि पुढचा कपडा झटकलास. मला वाटतं तेच ठीक होतं. तू जाऊ दे म्हणाली असतीस तर ती माफी मला पेलून घरी आणता आली नसती.

मग बुधवारी तू पिशवी घेतलीस आणि चपला घालायला लागलीस. मीही उठलो. तू म्हणालीस, उन्हात उभं राहावं लागतं. मी म्हणालो, सवय आहे. पण नव्हती. सात-आठ महिने मी रांग बघत होतो, ती फक्त आतून. बसडेपोच्या त्या शेडपाशी मनगटावर शाईने रांगेचा आकडा लिहून घेतला तेव्हा हात मागे ओढावासा वाटला. दोन तास उभे राहिलो. रांगेत माणसं पुढच्याच्या टाचा बघतात, हे मला माहीत नव्हतं. आपल्या पुढच्या माणसाच्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली होती, ती मी अजून काढून दाखवीन. कोठीतला माणूस आत हसला तरी आपल्यालाच हसला असं वाटतं. मीही कोठीत हसत असतो. काम हलकं व्हावं म्हणून.

मधे एकदा तू मला सावलीच्या बाजूला सरकवलंस. कोपराने. माझ्याकडे न बघता.

खिडकीशी पोचलो. आतल्या पोरीने मान वर न करता विचारलं, ‘घरात माणसं किती?’

तू म्हणालीस, ‘तीन.’

मी आधी मागे वळून बघितलं, की आणखी कोण. मग कळलं.

जन्मभर मोजणीचं काम केलं. दुसऱ्याच्या वहीतला चुकलेला आकडा मला दुरून दिसतो आणि मी तो खपवून घेत नाही. आल्या-आल्या मी इथल्या यादीत आमच्या घरातलं एक माणूस त्या आठवड्यापुरतं खोडलं आणि वहिनीला म्हणालो की मी तिकडचं खाल्लंय. हिशेब सरळ झाला. पण तिथे, त्या खिडकीशी, मला हे काही सुचलं नव्हतं. पोरीने तिघांचं पीठ मापलं, तिघांचे तांदूळ मापले, आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, ‘धर ना नीट, सांडेल.’

मी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

दादा